पावणेदोन वेढे

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, दुपार

आदरणीय अण्णा,

कृतिकाचा सविनय जयभीम. काकूंनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या वेळी फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणालात, पण मागून काकू काहीतरी बोलत होत्या, त्यांच्या आवाजावरून तो बरा नसावा.) यंदा फणस किती धरले, आणि त्यातले माकडांनी किती ठेवले, तेही कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक. आजीला हल्ली कमी ऐकू येतं, पण तिच्याविषयी बोललेलं येतं. आई बरी आहे. पप्पाही बरे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. सुरुवातीलाच लिहिलं तर तुम्ही पत्राची घडी घालून खिशात ठेवाल, आणि मग काकू ते शर्टाबरोबर धुतील. कृपा करून ठेवू नका.

फोन सोडून पत्र का, तर तुमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, आणि त्या गुडघ्याने तुम्ही कठड्यावर चढावं असं मला वाटत नाही. शिवाय एक मिनिट झालं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. मला जे सांगायचं आहे ते एका मिनिटात सांगितलं तर अर्धं खोटं होईल. आणि आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं. हे पत्र मी लिहितेय हे पप्पांना माहीत नाही. काळजी करण्यासारखं यात काही नाही, एवढं आत्ताच सांगून टाकते. मला तुमच्याकडून काही नकोही आहे. नुसतं कळवायचं आहे. पण क्रमानेच सांगणार, कारण मधला वेढा सोडून पुढे मोजायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत.

तर, ठाण्याच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी तीन वर्षं कंत्राटावर जीवशास्त्र शिकवत होते (दर मे महिन्यात नेमणुकीचं पत्र संपायचं, दर जूनमध्ये नवं यायचं, आणि मधला महिना मी पोस्टमनच्या चपला ओळखायला शिकले), तिथे यंदा कायमची जागा निघाली. ती मिळाली तर मिळाली, नाही तर दुसरं कोणी येणार आणि माझे कंत्राटी तासही बंद. म्हणजे एकतर तिथेच कायमची, नाहीतर तिथून कायमची बाहेर. त्यासाठी पंधरा मिनिटांचा नमुना तास घ्यायचा होता. समोर अकरावीची खरी मुलं, आणि मागच्या बाकावर प्राचार्य आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडम. विषय चिठ्ठी उचलून. माझ्या चिठ्ठीत आलं: पेशीत डीएनए कसा बसवलेला असतो.

अण्णा, हा विषय तुमच्यासारख्या माणसाला सांगायला मला आवडेल. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो, म्हणजे आपल्या दाराच्या चौकटीएवढा. आणि तो बसतो पेशीच्या आतल्या केंद्रकात, जी केंद्रकं टाचणीच्या डोक्यावर हजारोंनी मावतील. मी हिशेब केला. केंद्रक मोतीचुराच्या लाडवाएवढं मोठं केलं, तर त्याच मापाने आतला धागा ठाण्यापासून कल्याणपर्यंत जाईल. (रुळांवरून मोजलं तर. रस्त्याने अंतर जास्त आहे. आणि लाडू मोठा, सहा सेंटिमीटरचा, साखरपुड्याला देतात तसा.) हे मी जेवताना सांगितलं तेव्हा पप्पांनी घास हातातच ठेवून विचारलं, "गेज कुठला?" मी म्हटलं, मिलिमीटरचा पन्नासावा भाग. ते म्हणाले, तेवढी तार फुंकरीने तुटते, आणि ती गुंता न होता आत घालणारा माणूस कोण आहे ते आधी सांग.

तोच तर तासाचा विषय. पेशी ती तार कोंबत नाही, वाइंडिंग करते. आत प्रथिनांची बारीक रिळं असतात, एका पेशीत तीन कोटींच्या आसपास. प्रत्येक रीळ आठ तुकड्यांचं, चार प्रकारचे प्रत्येकी दोन. धागा एका रिळावर पावणेदोन वेढे घेतो, थोडा मोकळा जातो, पुढच्या रिळावर पुन्हा पावणेदोन. (काटेकोर मोजलं तर पावणेदोनला किंचित कमी, पण आमच्या पुस्तकात पावणेदोन आहे आणि मी पुस्तकाबाहेर गेले नाही.) धाग्यावर ऋण भार, रिळावर धन, म्हणून चिकटवायला काही लागत नाही. हे ऐकून पप्पा म्हणाले, "म्हणजे व्हार्निश वाचलं." मग जरा वेळाने, "पण पावणेदोन वेढ्यांत कुठला पंप चालणार?" मी म्हटलं, आपण सगळे चालतोय. दुसऱ्या दिवशी ते वागळे इस्टेटच्या आपल्या मोटर-वाइंडिंगच्या वर्कशॉपमधून प्लॅस्टिकचे शंभर रिकामे बॉबिन आणि लाल एनॅमलच्या तारेचं एक मोठं रीळ घेऊन आले.

मला फक्त दहा बॉबिन हवे होते. पण तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे. शाळेत जायच्या आधी मी त्या वर्कशॉपच्या टेबलावर बसून अंक शिकले, तुम्ही चाळीसाव्या वेढ्यावर हात थांबवून "किती झाले" विचारायचात आणि मी एकोणचाळीस म्हटलं की पहिल्यापासून मोजायला लावायचात, त्यामुळे आपल्याकडे कुठलीही गोष्ट अर्धी करता येत नाही हे मला ठाऊक होतं. आठ दिवस घर म्हणजे कारखाना. आईने प्रत्येक बॉबिनवर नेलपॉलिशने आठ पट्टे मारले, चार रंगांचे दोन दोन. आजी बॉबिन पुसून द्यायची आणि मधूनच विचारायची की हे सगळं माझ्या आत पण आहे का. हो म्हटलं की म्हणायची, "तरीच सकाळी उठताना कुरकुरतं." तार गुंडाळायचं काम पप्पांचं, आणि त्यांचा नियम तुम्हाला वेगळा सांगायला नको: कॉइलच्या मध्ये जोड द्यायचा नाही. पहिल्या बॉबिनपासून शंभराव्यापर्यंत एकच अखंड तार. मला तो नियम फार आवडला, कारण खरा धागाही मध्ये जोडलेला नसतो. तयार झालेली ती माळ त्यांनी वळवून वळवून स्टीलच्या लाडवाच्या डब्यात अशी बसवली की हवं ते एक वळण बोटाने उचलून मोकळं करता यायचं, बाकीचं जागेवर. (पेशीही तेच करते. वाचायचा तेवढाच भाग सैल, बाकी बंद. आई म्हणाली, हे तर साड्यांचं कपाट झालं.)

तासाच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी शेवटचं म्हणून पुस्तक उघडलं. शेवटचं असं मी त्याआधी सहा वेळा म्हटलेलं होतं. आकृतीत धाग्याचे वेढे डावे होते.

हे नीट सांगते, कारण यावरच सगळं आहे. रीळ उभं धरा. समोरची तार वर चढताना उजवीकडे झुकली तर वेढा उजवा, डावीकडे झुकली तर डावा. स्क्रूचे आटे उजवे असतात. डीएनएचा स्वतःचा पीळसुद्धा उजवा. पण तोच डीएनए रिळावर गुंडाळला जातो तेव्हा डावा जातो. आणि आमच्या डब्यातले शंभरच्या शंभर वेढे स्क्रूसारखे होते, कारण पप्पांचा हात तसाच चालतो.

मी सांगितलं. आई म्हणाली, अगं अकरावीच्या पोरांना काय कळतंय. पप्पा म्हणाले, त्या मॅडम काय भिंग घेऊन येणार आहेत का. मी म्हटलं, मला कळलंय ना. (मला माहीत आहे, माझा हा स्वभाव लोकांना त्रासदायक होतो. एकदा कंडक्टरने जास्त परत दिलेला एक रुपया द्यायला मी त्याच बसच्या मागे गोखले रोडभर धावलेले.) मग पप्पा म्हणाले, "दोन टोकं बदल. उलटीकडून धर, होईल डावं."

ते बोलले आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण ते वाक्य तुमचं होतं. त्या पंपाच्या मोटरच्या वेळचं. मोटर उलटी फिरली, गिऱ्हाईक समोर उभं, तुम्ही शांतपणे म्हणालात दोन टोकं बदला, पाच मिनिटांत सरळ होईल, आणि पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले की डाव्या हाताने भरलेलं सगळं उलटंच येणार. तुम्ही पक्कड टेबलावर ठेवलीत, जेवणाचा डबा उचललात आणि गावी गेलात. चार वर्षं आणि सात महिने तुम्ही या घरात आलेला नाहीत. तुमचं बरोबर होतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. (टोकं नंतर बदललीच होती. मोटर अजून चालते.)

पण अण्णा, तुमचा उपाय मोटरला चालतो, वेढ्याला नाही. मी पप्पांच्या हातात एक स्क्रू दिला आणि म्हटलं, उलटा धरा. त्यांनी धरला. आटे तसेच उजवे. पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटा. खिडकीपाशी नेऊन बघितला. मग खाली बसले. एवढी वर्षं स्क्रू हाताळलेला माणूस, त्याला स्क्रूने असं करावं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

आता मध्ये जोड नको म्हणजे शंभरही सोडायचे आणि पुन्हा भरायचे, डावे. सोडायला सकाळ गेली. मग पप्पा भरायला बसले आणि हात जाईना. पहिला बॉबिन डावा, दुसरा डावा, तिसऱ्याला आईने हाक मारली, ते "काय" म्हणाले, आणि हात आपल्या वळणावर गेला. मी बसले, माझंही तेच, कारण मी त्यांच्याकडे बघूनच शिकले. दुपारपर्यंत नऊ बॉबिन झाले आणि त्यातले चार उजवे. मी रडत नव्हते, नुसती मोजत होते, पण मोजताना आकडा ऐकू येत नव्हता. तेव्हा आजी कोपऱ्यातून तुमचं नाव घेऊन म्हणाली, "माझा विश्राम असता तर एव्हाना जेवून झोपला असता."

पप्पा उठले आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले. आम्हाला वाटलं, आता रागाने पाण्याची टाकी बघत बसणार. पण त्यांनी आतून एक गाठोडं काढलं. जुन्या चादरीत, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर सुतळी. आत तुमचं वाइंडिंग मशीन होतं, तुम्ही स्वतःसाठी केलेलं, डावीकडे हँडल असलेलं. जे भंगारात दिलं असं पप्पांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. आणि अण्णा, त्याला तेल दिलेलं होतं. जुनं नाही. माळ्यावर इतकी वर्षं पडलेल्या लोखंडावर गंजाचा एक ठिपका नव्हता. गाठोडंही असं बांधलेलं की सुतळी ओढली की आधी हँडलच हातात यावं. आईने विचारलं, हे कधी? ते म्हणाले, "जागा अडवत होतं म्हणून ठेवलं." या वाक्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

मशीन टेबलाला आवळलं, आणि पप्पा आणि मी आळीपाळीने त्यावर बसलो. दांडीवर एका वेळी दहा बॉबिन, डाव्या हाताने हँडल, उजव्या हाताने तार. तुमचं यंत्र आपलं सगळं उलटं करतं, म्हणजे आरशातल्यासारखं, त्यामुळे वेढे आपोआप डावे. उजवा करायचा म्हटलं तरी होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत शंभर झाले. पप्पांनी डबा भरला, झाकण लावलं, आणि मी सहा महिन्यांत पहिल्यांदा दोन पोळ्या खाल्ल्या.

तासाच्या सकाळी पप्पा मला वर्कशॉपच्या टेम्पोने घेऊन निघाले, कारण डबा रिक्षात हादरेल. शिळफाट्याला टेम्पो उभा तो उभाच. मी मांडीवर झाकण उघडून माळ एकदा बोटांनी तपासली. (आठवं शेवटचं.) सत्त्याऐंशी नंबरचा बॉबिन उजवा होता. एकच. मी पप्पांकडे पाहिलं. ते समोरच्या ट्रककडे बघत होते, असे काही की त्या ट्रकवर त्यांचं नाव लिहिलंय. मला आठवलं, शेवटच्या काही बॉबिनच्या वेळी मी चहा करायला उठले होते आणि ते म्हणाले होते, मशीन थांबव, हे एवढे मी हातानेच करतो.

आता यावर उपाय नव्हता. तार कापायची नाही, आणि सत्त्याऐंशीपर्यंत उलगडायचं तर ठाणं येईल आणि जाईल. वर्गात गेले, फळ्यावर विषय लिहिला, आणि ठरवलेलं पहिलं वाक्य तोंडातून आलंच नाही. मी म्हटलं, "मुलांनो, या मॉडेलमध्ये एक चूक आहे. शंभरातला एक वेढा उलटा आहे." मागच्या बाकावर प्राचार्यांनी डोळे मिटले. तज्ज्ञ मॅडम, डॉक्टर हेमांगी परुळेकर, यांनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, संपलं. पुढच्या बाकावरची सान्वी नावाची मुलगी म्हणाली, "टीचर, कुठला?" मी सांगणार होते, खरंच, पण मॅडम मागून म्हणाल्या, सांगू नका.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. डब्यातून माळ बाहेर आली आणि वर्गभर फिरली, चाळीस मुलांच्या हातांतून, खिडकीपासून दारापर्यंत. उलटा ओळखायचा तर सरळ कसा असतो ते कळायला हवं, म्हणून डावं-उजवं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. आठ पट्टे कशाचे ते विचारलं. हे सगळं एवढ्याशा डब्यात होतं का, असं एकाने विचारलं तेव्हा मी लाडू आणि कल्याण सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "टीचर, मी कल्याणचाच आहे, म्हणजे मी टोकाला राहतो." सान्वीलाच तो बॉबिन सापडला. घंटा झाली तेव्हा अर्धी माळ बाहेर होती, आणि ती परत डब्यात बसवायला प्राचार्यांसकट सगळे लागले आणि कोणालाच जमेना. त्यावर मॅडम म्हणाल्या, "बघा, आणि पेशी हे दर वेळी करते." मला काय विचारतील म्हणून चारशे प्रश्नांची उत्तरं लिहून नेली होती, त्यांनी एकच विचारला. "चूक तुम्ही आपणहून का सांगितलीत?" मी म्हटलं, मला माहीत होती म्हणून. हे उत्तर त्या चारशेत नव्हतं.

परवा पत्र आलं. निवड झाली, कायम. जूनपासून. पोस्टमनला मी पेढे दिले. (त्याच्या चपला आता मी बघणार नाही, हेही सांगितलं. त्याला काही कळलं नाही.) घरी सगळे खूश आहेत. आजी शेजारी सांगते की नातीने मॅडमला चूक पकडायला लावली. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलंय, आणि आता काळजी कशाची करायची हे न सुचल्यामुळे दोन दिवस जरा अवघडल्यासारखं होतंय, पण ते जाईल.

एवढंच कळवायचं होतं. काकूंना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावत जा.

तुमची,
कृतिका

ता. क. १: वर मी लिहिलं की मला काही नको आहे. ते पुन्हा वाचलं, बरोबर नाही. कॉलेजला ते मॉडेल प्रयोगशाळेच्या कपाटात कायमचं हवं आहे, पण परुळेकर मॅडमांची अट आहे की सत्त्याऐंशी नंबर सुधारून द्या. जोड चालणार नाही, म्हणजे तिथपासून शंभरापर्यंत उलगडून पुन्हा भरायला हवेत. मी पप्पांना म्हटलं, तुम्ही करा. ते म्हणाले, "मी त्या मशीनवर परत बसणार नाही. ज्याचं आहे त्याने चालवावं." चौदा बॉबिन म्हणजे तुम्हाला अर्ध्या तासाचं काम. पण गुडघा बघता आठ दिवस राहायला लागेल असं आईचं म्हणणं आहे, आणि आजीचं म्हणणं पंधरा. जून उजाडायच्या आत यावं. मशीन टेबलाला अजून तसंच आवळलेलं आहे. आम्ही जमिनीवर जेवतो.

ता. क. २: हे पत्र पप्पांना माहीत नाही, असंही मी वर लिहिलं आहे. मी मघाशी चहा ठेवायला उठले तेव्हा ते टेबलावर होतं. आता येऊन बघते तर घडी वेगळी आहे. बाकी सगळं जसंच्या तसं आहे, फक्त वर जिथे चार वर्षं आहे तिथे पुढे "आणि सात महिने" घातलेलं दिसेल. ते अक्षर माझं नाही.